ब्रेंटव्हेलचा हॉकी दवाखाना

ब्रेंटव्हेल गावात माणसं एकशे ऐंशी, पण तक्रारी सगळ्या एकट्या लोर्ना फ्रीझनच्या. ती तिथल्या दवाखान्याची नर्स. डॉक्टर बसतो दूर रिजायना शहरात आणि पेशंट तपासतो पडद्यावरून. पण आमच्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर त्याचं तोंड एकदा उघडलं की उघडंच राहतं. दोन वर्षं मी तिला राउटर खिडकीत ठेवा, छपरावर ठेवा असं सांगून कटवत होते.

बुधवारी दुपारी तिचा फोन आला.

"मार्लीनबाई, उद्या दहाला आरोग्य खात्याची माणसं येतायत. डॉक्टर नीट दिसला नाही तर दवाखान्याला टाळं. मग आमच्या म्हाताऱ्यांनी रक्तदाब बघायला नव्वद किलोमीटर जायचं, तेही बर्फातून. राउटर आता चर्चच्या घंटेला बांधू का?"

मला लाज वाटली आणि मी पहिल्यांदाच गेटवे उघडून नीट बघितला. गेटवे म्हणजे आमच्या कंपनीचं फाटक. प्रत्येक मोबाइलचा डेटा तिथे येतो आणि तो ज्या वेबसाइटचा आहे तिचा पत्ता बघून आम्ही ठरवतो, हा फोन, हा सिनेमा, हा खेळ. त्यावरून कुणाला जलद वाट मिळते, कुणाला कासवाची. नियम वरून खाली वाचले जातात. जो पहिला लागू पडेल तो खरा, खालचे बसले बोंबलत.

चाळिसावा नियम माझा. पत्त्यात 'टी' आणि 'व्ही' ही अक्षरं शेजारी दिसली की तो सिनेमा समजायचा आणि हळू सोडायचा. या अकलेबद्दल मला ऑफिसात केक मिळाला होता. आता ब्रेंटव्हेलचं स्पेलिंग बघा. 'ब्रेंट' संपतं 'टी'वर आणि 'व्हेल' सुरू होतं 'व्ही'वर. अख्खा दवाखाना दोन वर्षं माझ्या लेखी टीव्ही होता.

मी तडक साहेबाकडे, म्हणजे गार्थ पॅन्किवकडे गेले.

"सोमवारपर्यंत एकाही नियमाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "हॉकीचे शेवटचे सामने आहेत."

"अरे, एक ओळ आहे फक्त."

"गेल्या वर्षीही एकच ओळ होती. अर्ध्या प्रांताचा सामना बंद पडला. माझा सासरा अजून माझ्याशी बोलत नाही."

"मग भलंच झालं की तुझं."

"मार्लीन, नाही म्हणजे नाही!"

या सामन्यांसाठी गार्थने स्वतः पाचवा नियम लिहिला होता. पत्त्यात 'हॉकी' असेल तर थेट जलद वाट. पाच चाळिसाच्या आधी येतो. नियमाला हात लावायला बंदी होती, दवाखान्याला नव्हती. मी लोर्नाला फोन लावला.

"तुमच्या व्हिडिओच्या पत्त्यात दवाखान्याचं नाव आहे ना? त्यात मध्ये 'हॉकी' घाला."

"हॉकी? अहो, इथे निम्म्या गावाचे गुडघे बदललेत!"

"घाला म्हणते ना. फार विचारू नका."

गुरुवारी दहा वाजता मी पडद्याला डोळे लावून बसले. पाचव्या नियमातून ब्रेंटव्हेलचा डेटा धो धो वाहत होता. गार्थ मागे येऊन उभा राहिला.

"बघ, एवढीशी वस्ती, पण खेळावर काय प्रेम आहे!"

"हो ना," मी म्हटलं. "म्हातारीकोतारीसुद्धा."

साडेअकराला लोर्नाचा फोन आला. "पास झालो! डॉक्टरच्या हनुवटीवर मस आहे हो, आजच कळलं. पण बिघाड होता तरी कशात?"

दोष वाऱ्यावर ढकलता आला असता. जीभ रेटेना. मी सगळं सांगून टाकलं.

"डॉक्टर पडद्यावर थिजला की मी पेशंटांना सांगायचे, विचार करतायत," ती म्हणाली. "आमची नेटी सावचुक एकदा वीस मिनिटं बसली होती त्याच्यापुढे. म्हणाली, माझ्यासाठी एवढा विचार माझ्या नवऱ्यानेही कधी केला नाही."

मला हसू फुटलं.

"आज तिला दोन मिनिटांत उत्तर मिळालं," लोर्ना म्हणाली. "बाहेर येऊन रडली. म्हणते, आता त्याला माझी काळजी राहिली नाही. तिला काय सांगू, बाई?"