शिक्का न बसलेला लिफाफा

मित्रांनो, मी एक जुना लिफाफा आहे. अंग पिवळं पडलं, कडा झिजल्या, पण माझ्यावरच्या तिकिटावर टपालाचा शिक्का काही उमटला नाही. लिफाफ्याच्या जातीला याहून मोठं एकटेपण नाही.

कारखान्यात जन्मलो, पण मला जीव आला तो अमेरिकेतल्या डुलूथ गावी, आयला राउतिओच्या स्वयंपाकघरात. आयला शाळेतल्या मुलांचं जेवण रांधायची. तिची आई लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बोटींवर स्वयंपाकीण होती, आणि त्या आईवर आयलाने कादंबरी लिहिली होती. वेलदोड्याच्या पावाची कणीक फुगायला ठेवायची आणि तेवढ्यात टंकयंत्रावर दोन पानं करायची, अशी वर्षं गेली.

पुस्तक झालं, पण छापणार कोण? न्यूयॉर्कचे मोठे प्रकाशक अनोळखी माणसाचं बाड उघडतसुद्धा नाहीत. मध्ये एजंट लागतो. त्याला पत्र लिहायचं आणि सोबत स्वतःचाच पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा ठेवायचा, अशी रीत. उत्तर त्यातून घरी येतं.

माझ्याआधी माझे भाऊ गेले आणि एकेक करून परत आले, पोटात छापील नकार घेऊन. होकार असेल तर एजंट फोन करतो, हे आयलाला ठाऊक होतं. त्यामुळे टपालपेटीत स्वतःचंच अक्षर दिसलं की तिचा चेहरा उतरायचा. तिचा भाऊ वेइको कॉफी भुरकत म्हणायचा, "काय गं आयले, स्वतःलाच पत्रं लिहितेस होय? एवढी हौस असेल तर मी लिहितो की!"

"तू लिहिलंस तर वाचणार कोण? कोंबडीने उकरल्यासारखं तुझं अक्षर," ती हसून म्हणायची. तो गेला की मात्र नकाराचा कागद पुन्हा काढून वाचायची.

मग शिकागोच्या एका एजंटाचं पत्र आलं. 'पुस्तक अप्रतिम आहे, वाचनाची फी पाठवा.' आयलाला आनंदाने काही सुचेना. ती तडक वाचनालयातल्या ग्रंथपाल ट्रॉम्बलीबाईंकडे गेली. मी तिच्या पिशवीतच होतो.

बाईंनी पत्र वाचलं. "बाड पाठवलं होतंस का याला?"

"नाही हो. नुसतं पत्र."

"मग न वाचताच अप्रतिम? अगं, एजंट आधी पुस्तक विकतो आणि मग आपला वाटा घेतो. विकायच्या आधीच जो हात पसरतो, त्याला विकता येत नाही असं समज."

"पण बाई, हो म्हणणारा हा एकटाच भेटला मला."

"म्हणून काय विहिरीत उडी घेशील?"

आयला तिथेच रडली. बाईंनी तिला रडू दिलं आणि यंदाची डिरेक्टरी पुढे ठेवली. कोणता एजंट कुठे बसतो, कसली पुस्तकं घेतो, आजवर कोणाची विकली, सगळं तिच्यात असतं. आयला आतापर्यंत नुसती नावं-पत्ते उतरवून घ्यायची. बोटीवरच्या स्वयंपाकिणीची गोष्ट तिने हेरकथा विकणाऱ्यांकडेही धाडली होती! आता ती एकेक नोंद नीट वाचू लागली. शेवटी एक नाव उरलं, सिल्व्हिया ग्रॉसबार्ट. फी घेत नव्हती, कष्टकरी बायकांची पुस्तकं विकत होती. तरी दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून आयलाने तिच्या एका लेखिकेला पत्र टाकून विचारलं. तिने कळवलं, 'तिरसट आहे, पण हिशेबाला चोख.'

तेव्हा माझी पाळी आली. आयलाने सावकाश पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं, घडी घातली. "तू परत येऊ नकोस हं बाबा," ती म्हणाली. मित्रांनो, ज्या घरचा पत्ता कपाळावर, त्या घरानेच असं म्हणावं! मला फार लागलं ते.

सिल्व्हियाबाईंच्या टेबलावर माझ्यासारख्यांचा ढीग होता. त्यांनी एक कार्ड टाकून बाड मागवून घेतलं. एका संध्याकाळी शेवटचं पान उलटून त्यांनी नाक पुसलं आणि मला उचललं. घरी जायचं म्हणून मी मोहरलो, आणि लगेच धसकलो. मी गेलो की आयलाची आशा संपली. पण बाईंनी माझ्यावरचं नाव नीट वाचलं आणि फोन फिरवला.

"आयला राउतिओ? तुमच्या आईने रडवलं हो मला. हे पुस्तक मी विकणार."

पलीकडून आधी हुंदका. मग, "थांबा हं, पाव करपतोय!"

पुस्तक निघालं, लोकांनी नावाजलं. मी बाईंच्या टेबलाच्या खणात पडलो. एकदा आयला त्या खोलीत येऊन गेली. तिचा आवाज मी ओळखला, पण खण कोणी उघडला नाही.

खणात माझ्यासारखे पुष्कळ होते. मला वाटलं, यांचीही माणसं सुखात असतील. शेजारच्या, ओमाहा गावचा पत्ता असलेल्या लिफाफ्याला मी तसं म्हणालोही.

"कसलं सुख?" तो म्हणाला. "आमच्या वॉल्टरना फोनही नाही आणि पत्रही नाही. बाईंचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं."

मित्रांनो, नकार पचतो. माणूस रडतो, चार शिव्या घालतो आणि डिरेक्टरीत पुढचं नाव शोधतो. उत्तराची वाट बघणाऱ्याला तेवढंही करता येत नाही. माझं सोडा, मी घरी न जाण्यातच माझ्या माणसाचं भलं होतं. पण तुमच्या खणात असा एखादा पडला असेल, तर 'नाही' लिहा हवं तर, पण त्याला टपालात टाका. वॉल्टर आजही पेटी उघडून बघत असतील.