काचेच्या खोलीतली खुर्ची

"खुर्ची उलटी कुणी बसवली ही?" कल्याणसाहेबांनी काचेच्या खोलीत डोकं घालून विचारलं.

"उलटी कुठे? अशीच असते," सिस्टर त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली. "पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे. हलत होती, म्हणून फिटरकडून बोल्टही मारून घेतलेत."

साहेबांनी खुर्ची ओढून पाहिली. ती जागची हलली नाही. बाहेर मोठे साहेब सफरचंद खात उभे होते, त्यांच्यामागे कॅन्टीनभर कामगार. प्रत्येकाच्या हातात कंपनीनं दिलेलं एकेक सफरचंद. मागे वळायला वाट नव्हती.

पातेली आणि झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात आरोग्य सप्ताह चालू होता. सप्ताहाच्या मानानं काम जोरात होतं. कॅन्टीनच्या भाजीतलं तेल कमी झालं होतं, जिन्यावर 'चढा आणि निरोगी राहा' अशी पाटी लागली होती, सगळ्यांची वजनं झाली होती. पत्रा ठोकून भांडी घडवणाऱ्या प्रेस शॉपमधला दणका मात्र होता तेवढाच होता. त्याला पाटी लावून भागण्यासारखं नव्हतं. मग कंपनीनं कान तपासायची काचेची खोलीच विकत घेतली आणि यंत्र चालवायचं काम दवाखान्यातल्या सिस्टरला शिकवलं. आत बसणाऱ्याच्या कानाला मोठे हेडफोन, हातात एक बटण. टूं ऐकू आलं की बटण दाबायचं, बाहेर लाल दिवा लागतो. एवढंच.

"कल्याणसाहेब, सुरुवात तुमच्यापासून," मोठे साहेब म्हणाले होते. "कामगारांना हुरूप येतो."

कामगार कल्याण अधिकारी असं लांबलचक पद असलेल्या माणसाला सगळे कल्याणसाहेबच म्हणत. पूर्वी ते स्वतः प्रेसवर होते. तिथून ऑफिसात चढले, तेव्हा कपडे बदलले, चाल बदलली. कान मात्र तेच राहिले. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंचसं कळायचं. उरलेल्या ठिकाणी ते गंभीरपणे मान डोलवत. त्यामुळे साहेब प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतात अशी त्यांची ख्याती झाली होती, आणि या ख्यातीवर त्यांना दोन बढत्या मिळाल्या होत्या.

प्रेसवाल्यांची कान तपासणी पूर्वी बाहेरून येणारा एक तंत्रज्ञ करायचा. नापास झालेल्याला प्रेसवरून उचलून पॅकिंगला टाकत आणि त्याचा प्रेसभत्ता जाई. म्हणून तिथं एक विद्या तयार झाली होती. आवाज सोडताना तपासणाऱ्याचा खांदा किंचित खाली जातो. खांदा हलला की बटण दाबायचं. कान गेले तरी चालतील, डोळे शाबूत हवेत. या विद्येचे आद्यगुरू म्हणजे कल्याणसाहेब. आणि त्यांचा पट्टशिष्य, शेजारच्या प्रेसवरचा जिवलग दोस्त, म्हणजे सिस्टरचा नवरा.

दोस्तानं विद्या इतकी चांगली घेतली, की पुढे त्याला खरोखरच काही ऐकू येईना, तेव्हा कुणी विश्वास ठेवेना. मागून आलेल्या फोर्कलिफ्टचा भोंगा त्याला ऐकू आला नाही आणि झाकणांची अख्खी रास कोसळली. चौकशीत तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही." समितीनं कल्याणसाहेबांकडे पाहिलं. साहेबांना सगळं ठाऊक होतं. पण सांगायचं तर स्वतःच्या कानांचंही सांगावं लागलं असतं.

"दरवर्षी पास आहे तो," साहेब म्हणाले होते. "कान ठणठणीत आहेत. हे ढोंग आहे."

नोकरी गेली त्याचं सिस्टरला फारसं वाटलं नाही, नोकऱ्या जातात. पण तो शब्द घरात राहायला आला. बाजारात, जिन्यात, नातेवाइकांत, कुणीही तिच्या नवऱ्याच्या पाठीमागे मुद्दाम टाळी वाजवून बघे, खरंच बहिरा आहे का म्हणून. तो वळत नसे. ती वळे. प्रत्येक टाळी तिनं नीट जमा करून ठेवली होती.

साहेब आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. सिस्टरनं दार लावलं.

पहिला आवाज सोडला. दिवा लागला नाही. दुसरा सोडला, मोठा केला. दिवा लागला नाही. साहेबांची मान उगाच ताठ झाली. मग मध्येच, कसलाही आवाज नसताना, दिवा लागला.

"वा!" मोठे साहेब म्हणाले.

आता सिस्टरनं यंत्राचं मुख्य बटणच बंद केलं. दोन्ही हात उचलले आणि मांडीवर घडी घालून ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

दिवा लागला. थोड्या वेळानं पुन्हा लागला. मग साहेबांना लय सापडली असावी, कारण तो ठरावीक अंतरानं लागू लागला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "अरे, साहेबांना देवाघरचं ऐकू येतंय!"

कॅन्टीनभर हसू फुटलं. सिस्टर हसली नाही. तिनं मोठ्या साहेबांकडे पाहिलं. ते सफरचंद खायचे थांबले होते.

"यंत्र चालू नाही?"

"नाही साहेब. केव्हाच बंद केलंय. अशाच तपासणीत 'पास' म्हणून माझ्या नवऱ्याला ढोंगी ठरवलं यांनी."

दिवा पुन्हा लागला. या वेळी कुणी हसलं नाही. कारण मोठे साहेब कामगारांकडे वळून, एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांची तपासणी याच खुर्चीवर."

प्रेस शॉपमधला एक बुजुर्ग पुढे आला. "सिस्टर, कल्याणसाहेबांचं केलंत ते झकास केलंत. पण अर्धं प्रेस शॉप पॅकिंगला जाणार आता. आमची चूल तुमच्या भांडणात का?"

"तुमचे कान तरी वाचतील."

"वाचायला उरलेत कुठे?" तो म्हणाला आणि सफरचंद तिच्या टेबलावर ठेवून निघून गेला. पाठोपाठ आणखी दोघा-तिघांनी ठेवलं. हा खर्च तिनं धरला नव्हता.

काचेत साहेब अजून मन लावून बटण दाबत होते. तिनं आत जाऊन त्यांच्या खांद्यावर बोट टेकलं. ते दचकून वळले. काचेपलीकडचे चेहरे त्यांनी पाहिले आणि न सांगता सगळं समजले. सिस्टर त्यांना ओठांवर दिसेल असा एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ढोंगी म्हणालात ना? तो शब्द परत घ्यायला घरी यायचं. त्यांच्यासमोर."

संध्याकाळी ते खरंच आले. हातात सप्ताहातून उरलेल्या फळांची करंडी होती.

"वहिनी, येऊ का?" ऑफिसात चढल्यापासून त्यांनी तिला सिस्टरच म्हटलं होतं. वहिनी आज पुन्हा सापडली.

नवरा टीव्हीचा आवाज बंद ठेवून चित्रं बघत होता. दारात कोण आहे हे पाहिल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ज्याच्या नावानं ती मनात बोटं मोडत होती, त्याच्यासाठी हा उठून उशी सरळ करत होता.

साहेब बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "माझं चुकलं. तुला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. मीच शिकवलं होतं तुला खांद्याकडे बघायला. खुर्ची जाईल म्हणून भ्यालो मी."

मान खाली असल्यानं नवऱ्याला ओठ दिसले नाहीत. त्यानं बायकोकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

हे वाक्य त्याच्या कानाशी ओरडून सांगायचं, असं तिनं कितीदा मनात घोकलं होतं! पण सांगितलं की हा माफ करणार, आणि तेही लगेच. बहिरे लोक मोठ्यानं बोलतात म्हणतात. याचा आवाज उलट खाली गेला होता, ओठही धड हलत नसत. त्या पुटपुटत्या आवाजात तो, तिनं काही सांगायच्या आधीच, म्हणाला, "जाऊ दे, जे असेल ते. त्याला म्हणावं बस, चहा घे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

सिस्टरनं त्यांच्यासमोर तोंड आणलं. "निघा म्हणतात. पुन्हा या घरात पाऊल टाकू नका म्हणतात."

साहेबांनी मान डोलवली. या वेळी त्यांना खरंच कळलं होतं. ते करंडी तिथंच ठेवून उठले.

नवऱ्यानं हात वर केला. पंजा आडवा धरून त्यानं, बस म्हणावं तसा, दोनदा खाली दाबला, मग मूठ वळवून अंगठा छातीकडे ओढला. साहेब थबकले. प्रेस शॉपमध्ये तोंडानं बोलून उपयोग नसतो. तिथल्या माणसांनी एकमेकांसाठी हातांची बोली तयार केली होती आणि सिस्टर कारखान्यात असली तरी दवाखान्यातच बसायची, ती बोली कधी शिकली नव्हती.

साहेबांनी बोटं नाचवून काहीतरी विचारलं. नवऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी आधी स्वतःच्या कानाला हात लावला, मग त्याच्याकडे बोट केलं, आणि शेवटी स्वतःचे दोन्ही कान पकडले. ते कान पकडून उभेच राहिले. नवऱ्यानं उठून त्यांचे हात खाली ओढले आणि काहीतरी खूण केली. त्यावर दोघं हसले. नवऱ्याचं हसणं त्याच्या बोलण्यासारखं पुटपुटतं नव्हतं, मोकळं होतं.

मग साहेबांनी सिस्टरकडे बोट दाखवून एक प्रश्न केला. नवरा वळला.

"तू काय सांगितलंस त्याला?"

तिनं करंडी उचलून कोपऱ्यात सरकवली. त्यानं तिच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि तो पुन्हा दोस्ताकडे वळला.

उद्या सकाळी साहेबांच्या तपासणीचा निकाल वर पाठवायचाच, हे तिनं ठरवलेलं होतं. त्यात बदल नव्हता. ती आत गेली आणि तीन कप पाणी चुलीवर ठेवलं. मागे खोलीत दोन माणसं मनसोक्त बोलत होती, आणि तिच्या कानावर फक्त आधणाचा आवाज येत होता.