गोड झाल्यावर सांग

“एवढं मोठं हॉटेल? कोण गेलं?” बाबांनी दारातच विचारलं.

“कोणी गेलं नाही. रविवार आहे, खायला आलोय. चला आत,” मी म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे जरा जोरातच म्हणाले. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर ओरडून ओरडून आवाजच तसा झालाय. बाबा मला फौजदार म्हणतात.

पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. वाईट बातमी उपाशीपोटी सांगायची नाही, अशी आमच्या घरची रीत. आधी पोटभर जेवण, मग काहीतरी गोड, आणि वाटी रिकामी झाली की बातमी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही आइस्क्रीम खाल्लं. आजी गेली तेव्हा केक. आई आता बरी होणार नाही हेही बाबांनी मला एका बागेतल्या हॉटेलात सांगितलं, फळं खाऊन झाल्यावर. आईनंतर घरात आम्ही दोघंच उरलो. कुणी काही चांगलं खायला नेतो म्हणालं की आजही मी आधी विचारते, काय झालं.

आणि तरी मी हेच हॉटेल निवडलं. पाण्याला लागून लांबच लांब काचेची भिंत, नजर पोचणार नाही इतकी टेबलं, पोरांचा गोंगाट, चमच्यांचा खणखणाट. इतक्या माणसांत बाबा रडणार नाहीत, असा माझा हिशेब. नको तिथे हुशारी चालते माझी. माझ्या पोटात गाठ आहे, ती आता काढता येण्यासारखी राहिलेली नाही, आणि पुढचा उन्हाळा मी बघेन असं डॉक्टरांना वाटत नाही. हे मला बाबांना सांगायचं होतं. रोज ठरवत होते आणि रोज शेपूट घालत होते.

बाबांनी दारावरची ‘ब्रंच’ची पाटी वाचली. “धड नाश्ता नाही, धड जेवण नाही,” ते म्हणाले. “म्हणजे दोन्ही खायचं.”

आणि खरंच खायला लागले. एरवी चिमणीएवढं खाणारा माणूस! आधी सूप, मग अंडी, मग मासा, मग पाव, मग पुन्हा सूप. दर वेळी नवी प्लेट घेऊन रांगेत उभे राहत, मागच्याला पुढे जाऊ देत, अंडी करून देणाऱ्या आचाऱ्याशी मधूनमधून खोकत गप्पा मारत. गोडाच्या टेबलाकडे मात्र फिरकत नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोड घेतलं की बातमी ऐकावी लागणार, म्हणून हा माणूस पोटाला तडस लागेपर्यंत खात होता.

मी चिडले. मला भीती वाटली की आधी राग येतो.

“बाबा, पुरे आता! पोट आहे की गोदाम?”

“तूच आणलंस ना? मग खाऊ दे की. तू का नाही खात?”

“खातेय,” मी म्हणाले. एक टोस्ट मघापासून प्लेटमध्ये इकडून तिकडे ढकलत होते.

आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायला लागली. शेवटी बाबा उठले, सावकाश गोडाच्या टेबलाशी गेले आणि केकचा सगळ्यात मोठा तुकडा घेऊन आले. शर्टाचं वरचं बटण लावलं, ताठ बसले आणि शेवटच्या कणापर्यंत केक संपवला. मग तोंड पुसलं.

“बोल, फौजदार. माझ्या खोकल्याचंच ना? तपासणी झाल्यावर डॉक्टरांचा तुला फोन आलाय, मला माहीत आहे. मी रडणार नाही. पिकलं पान, गळायचंच कधीतरी. फक्त तू एकटी पडशील, तेवढं एक जिवाला लागून राहिलंय.”

गाडी शिकवताना माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. इथे नव्हता.

“बाबा, तुमच्या छातीत काही नाही. साधा खोकला आहे. औषधाने जाईल.”

ते हसतच सुटले. टेबलावर हात आपटत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अगं, मग आधी नाही का सांगायचं! मरणाच्या भीतीने खाऊन खाऊनच मेलो असतो की मी!”

मीही हसले. एवढंच होतं असं म्हणून तिथून उठता आलं असतं. मला फार उठावंसं वाटलं.

हसता हसता त्यांची नजर माझ्या प्लेटमधल्या टोस्टवर गेली. तिथून माझ्या बारीक झालेल्या मनगटाकडे, मग चेहऱ्याकडे. हसू हळूहळू गेलं.

“तुझं?” त्यांनी विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.

त्यांनी टेबलावरून माझा हात गच्च धरला. “नाही,” ते म्हणाले. “तू चुकून हो म्हटलंस. माझंच आहे. माझंच आहे असं सांग.”

“बाबा…”

“सांग ना गं. मी माझ्यापुरतीच तयारी करून बसलोय. तुझी नाही केली.”