चावी वैध आहे

नेस्तोर शिडीवर चढून इस्पितळाच्या छतातून वायर ओढत होता, तेव्हा त्याच्या बेटावरून नर्स डेलियाचा फोन आला. बेटावरच्या रीतीप्रमाणे ती त्याला मानोंग, म्हणजे दादा, म्हणे आणि त्याच्या बायकोला, लुझला, मानांग, म्हणजे ताई.

"मानोंग, डॉक्टर काय म्हणाले?"

"कशाबद्दल?"

"लुझ मानांगच्या ईसीजीबद्दल. सकाळीच पाठवलाय. छातीत दुखतंय म्हणाल्या शाळेतून येऊन."

हृदयविभागाची स्क्रीन शिडीच्या खालीच होती. तिच्यावर बेटाकडून काहीच आलेलं नव्हतं.

"थांबा हं," डेलिया घाईने म्हणाली आणि फोन कुठेतरी ठेवून गेली. नेस्तोर खाली उतरेपर्यंत फोनमधून बायकांचं रडणं ऐकू यायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाची जोडणी सांभाळणाऱ्या कंपनीचा आर्विन बेटावर आला. हातात पावाची पेटी होती. नेस्तोरच्या घरी पुढच्या खोलीत लुझची शवपेटी ठेवलेली होती. अंगणात ताडपत्रीखाली जागरणाला आलेली माणसं तिथल्या रीतीप्रमाणे पत्ते खेळत होती.

"मानोंग, फार वाईट झालं. पण आमच्याकडून चूक नाही हो. चावी वैध होती. तपासणीत पास झालीय."

"लॅपटॉप उघड."

रुग्णांचे कागद बाहेर कुणाला दिसू नयेत म्हणून कंपनीने इस्पितळ आणि बेटांच्या मध्ये इंटरनेटमधून एक बंद बोगदा काढून दिला होता. दोन्ही टोकांना एकमेकांची सार्वजनिक चावी द्यावी लागे. चावी म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. ती बदलायचं काम कंपनीचं. इस्पितळाच्या माणसांनी त्याला हात लावायचा नव्हता.

"एक नवी चावी बनव. कुठल्याच मशीनची नाही अशी."

आर्विनने बनवली.

"आता तुझ्या तपासणीत टाक."

हिरवा दिवा लागला. वैध.

"कुणाची आहे ही?"

"कुणाचीच नाही."

"मग वैध कशी?"

"म्हणजे... लांबी बरोबर आहे, अक्षरं बरोबर आहेत. चावी अशीच दिसते."

म्हातारा बादोंग पत्ते पिसत होता. "याला बसवा रे खेळायला," तो म्हणाला. "चौकोनी कागद दिसला की एक्का म्हणेल."

कुणीतरी हसलं. नेस्तोर हसला नाही.

"वादळानंतर इस्पितळात तुम्ही नवी मशीन बसवलीत. तिची चावी नवी. इथे जुनीच राहिली, म्हणून ईसीजी पोचलाच नाही. पलीकडून एकदा तरी उत्तर येतंय का, हे कुणी बघायचं? तुझ्या बापाने?"

"करारात वैधता तपासायची एवढंच आहे, मानोंग."

नेस्तोरने पावाची पेटी उचलून अंगणात भिरकावली. पत्ते थांबले.

डेलिया कॉफीचा कप घेऊन दारात उभी होती.

"माझ्या स्क्रीनवरही दिवा हिरवा होता, मानोंग," ती म्हणाली. "म्हणून थांबलो. बोट किनाऱ्याला तयार होती. मीच म्हटलं, डॉक्टरांचं उत्तर येऊ दे, मग हलवू."

नेस्तोरने तिच्याकडे पाहिलं. कप तिच्या हातातच राहिला. तो आर्विनकडे वळला.

"बाकीच्या बेटांवर काय आहे?"

"तिथेही हिरवाच आहे."

"आणि चावी?"

आर्विन खाली बघायला लागला. "जुनीच असणार. सोमवारी ऑफिस उघडलं की..."

"बस खाली."

डेलियाने कप ठेवला आणि आपला फोन नेस्तोरसमोर सरकवला. त्यात सगळ्या बेटांवरच्या नर्सांचे नंबर होते. त्याने वर न बघता तो उचलला.

"दिव्यावर विसंबू नका," तो प्रत्येकीला सांगत होता. "छातीत दुखतंय म्हटलं की माणूस बोटीत घाला." मग तो फोन आर्विनच्या तोंडाशी धरी आणि आर्विन इस्पितळाच्या मशीनची नवी चावी एकेक अक्षर वाचून दाखवी.

"आता तिच्याकडून परत म्हणवून घे," नेस्तोर म्हणे. "आणि इस्पितळातून उत्तर आलं का विचार. आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही."

ऊन उतरलं तशा बायका प्रार्थनेला जमल्या. मालुबोग बेटाचा फोन लागत नव्हता. डेलियाशी नेस्तोर अजून एक शब्दही बोलला नव्हता.