व्याह्यांच्या खात्याची तपासणी

माझ्या भाचीचं लग्न ठरलं, त्याच वर्षी माझ्या भावाच्या कचेरीत नात्याचा नियम लागू झाला. नियम भावानंच लिहिला होता आणि त्यात पहिला अडकला तोही तोच.

भाऊ तपासणी विभागाचा प्रमुख होता. संस्था अनेक देशांनी मिळून चालवलेली. कुठे युद्ध झालं, पूर आला की तिथल्या छावण्यांना तंबू, औषधं, पाणी पुरवायचं तिचं काम. भावजय लवकर गेली, म्हणून मी त्याचं घर सांभाळायला आले आणि तिथलीच झाले.

पूर्वी तिथे साहेबाच्या खात्याची तपासणी साहेबाचाच मेहुणा करी आणि सगळं आलबेल निघे. भावानं वर्षानुवर्षं भांडून नियम करून घेतला: ज्याची तपासणी करायची त्याच्याशी नातं असेल किंवा जुळणार असेल, तर तपासनिसानं बाजूला व्हायचं. मंडळानं नियम मंजूर केला. म्हणजे अध्यक्षांनी ‘कुणाची हरकत?’ असं विचारलं आणि कुणी बोललं नाही. तिथे मंजुरी अशीच मिळते.

थोड्याच दिवसांत भाचीनं मनातला मुलगा सांगितला. तो पुरवठा खात्याच्या प्रमुखांचा मुलगा. भाऊ आणि ते प्रमुख उमेदवारीत एकाच खोलीत राहिलेले, एकमेकांचे सदरे घातलेले. दुसरी वेळ असती तर भावाला आभाळ ठेंगणं झालं असतं. पण त्या वेळी तो त्यांच्याच खात्याची तपासणी करत होता. छावण्यांत पाठवलेल्या पाण्याच्या गाळण्या चिखल अडवत होत्या, रोग अडवत नव्हत्या. मुलं आजारी पडत होती.

तिथली आणखी एक रीत होती. ज्या खात्याची तपासणी झाली त्याचं उत्तर आल्याशिवाय अहवाल मंडळापुढे जात नसे. उत्तर न देणं हेच मग सगळ्यात चांगलं उत्तर ठरे. भाऊ मागे लागून उत्तर काढी. तो बाजूला झाला असता तर काम त्याच्या हाताखालच्या माणसाकडे गेलं असतं. त्याला सगळे हो-साहेब म्हणत. त्यानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

रविवारी व्याही तारीख काढायला आले.

“लवकरची धरा,” ते म्हणाले. “आत्याबाई, तुमच्या हातचं खाऊन माझं वजन वाढायच्या आत सूट शिवायचाय.”

“वाढायला आता जागा कुठे उरलीय?” मी म्हटलं.

ते मनापासून हसले. मग भावाकडे वळले. “तू तपासातून बाजूला कधी होतोयस? नाहीतर लोक माझ्याबद्दल म्हणतील, सोयरीक करून सुटला.”

“उद्या होतो. पण पुढे काय होईल ते तुला ठाऊक आहे. हो-साहेब उत्तर मागणार नाही आणि तू देणार नाहीस.”

“देईन की. सवडीनं.”

“पोरं रोज तेच पाणी पितायत.”

व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. “मला काय हौस आहे गप्प बसायची? हे बाहेर आलं की देश देणग्यांचा हात आखडता घेतील. मग तंबूही जायचे नाहीत. थंडीत मरतील त्यांचा अहवाल कोण लिहील?”

भावानं ताट बाजूला सारलं.

भाची भांडी आवरता आवरता थांबली. “काका, एक विचारू?”

“विचार. आता सवय करून घ्यायलाच हवी.”

“तुम्ही बाबांचे व्याही, म्हणून बाबांनी बाजूला व्हायचं. मग बाबा तुमचे कोण?”

“म्हणजे?”

“त्यांनी विचारायचं नाही, तर तुम्हीही उत्तर द्यायचं नाही. तुमच्या खात्यातल्या दुसऱ्या कुणी तरी द्यावं.”

“नियमात तसं नाही, पोरी.”

“राहून गेलं,” भाऊ हळूच म्हणाला. “आम्ही तपासणारे. नियम लिहिताना आम्हाला लबाडी फक्त आमच्याच बाजूची दिसली.”

“लग्न तर मी करणारच,” भाची म्हणाली. “पण तुमच्या घरी आल्यावर हा विषय रोज जेवताना काढीन. आधीच सांगितलेलं बरं.”

“मी सून आणतोय की तपासणी विभाग?” व्याही म्हणाले. कुणी हसलं नाही. तारीख न काढताच ते उठले. दारात बूट घालताना त्यांना बराच वेळ लागला.

ते काय करतील हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भाऊ ठरल्याप्रमाणे बाजूला झाला. दोन दिवसांनी व्याह्यांनीही लिहून दिलं, की नात्यामुळे मी उत्तर देणार नाही, माझ्या जागी खात्यातल्या उपप्रमुख बाई देतील. त्या बाईंनी उमेदीची वर्षं छावण्यांत काढली होती. गाळण्या न तपासता पाठवल्या, हे त्यांनी आठवड्याच्या आत कळवलं. उत्तर आल्यावर हो-साहेबाला अहवाल अडवायचा म्हटलं तरी कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं. अहवाल मंडळापुढे गेला. अध्यक्षांनी हरकत विचारली. कुणी बोललं नाही.

गाळण्या परत मागवल्या गेल्या. पुढे नियमातही दोन्ही बाजू आल्या. व्याह्यांना निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. दोन मोठ्या देशांनी खरंच हात आखडला आणि त्या थंडीत तंबू कमी पडले. व्याह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अहवाल योग्य होता की अयोग्य, असं मला कुणी विचारलं तर मी योग्य म्हणते. पण पटकन म्हणत नाही.

लग्न झालं. व्याही आले, सगळ्यांशी बोलले, भावाशी सोडून. भाची बाळंतपणाला आमच्याकडे आली; नातवाला बघायला ते येत तेव्हा भाऊ फिरायला निघून जाई.

“जाऊन भेट एकदा,” मी म्हणायची.

“काय बोलू, ताई? चुकलं म्हणू? चुकलं नाही. बरोबर होतं म्हणू? ते त्याला माहीतच आहे.”

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात व्याही हृदयविकारानं गेले. भाऊ त्याच वर्षी, थंडीच्या सुरुवातीला वारला.