सत्यभामाबाईंचा पालक आणि मी

मित्रांनो, खिशात मावेल एवढा, कडांचा रंग उडालेला मी एक पीएच मीटर आहे. पाणी किती आंबट आहे ते आकड्यात सांगणे हे माझे काम; पाणी जितके आंबट, तितका माझा आकडा खाली. माझ्या टोकाला काचेचा नाजूक गोळा आहे. तो सदा ओला लागतो.

मी आखाडा बाळापूरला करुणाच्या घरी आलो. तिच्या सासूबाई, सत्यभामाबाई, जन्मभर रानात राबलेल्या. पण गुडघे धरले आणि रान सुटले. बाया खुरपायला निघाल्या की त्या बाजेवरून नुसत्या बघत राहायच्या. ते करुणाला बघवेना. तिने घरामागे हिरव्या जाळीखाली कमरेइतक्या उंचीवर पाइप मांडले. खत विरघळवलेल्या पाण्यावर, मातीशिवाय, त्यात पालक वाढू लागला.

रोज सत्यभामाबाई मला टाकीत बुडवत. आकडा सहाच्या आसपास असला की खूश. वर गेला की आम्लाचे थेंब टाकत, पाणी ढवळत आणि मला पुन्हा बुडवत. "लई इमानी हाय हा," असे आल्यागेल्याला सांगत. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग एका उन्हाळ्यात माझी काच ओली ठेवणारी टोपी टाकीमागे घरंगळली. कुणाच्या ध्यानात आले नाही. काच वाळली आणि मी चढे आकडे दाखवू लागलो. सत्यभामाबाई माझ्यावर विसंबून थेंब वाढवत गेल्या. पाणी फार आंबट झाले. मुळे तपकिरी पडली, पालकाने माना टाकल्या.

"मह्याच हातानं गेला गं पालक. म्या जास्तीचं वतलं आसंल," असे म्हणून त्या जाळीकडे फिरकेनाशा झाल्या. जेवायला बोलावले तरी भूक नाही म्हणत. मी फळीवर पडून ऐकत होतो. मला तोंड असते तर!

करुणाला मात्र ते पटेना. तिने पीएच सातचे तयार द्रावण आणून मला त्यात बुडवले. मी साडेआठ दाखवले. ती तशीच घरात धावली.

"आत्याबाई, बघा! पाणी साताचं हाय अन् ह्यो साडेआठ सांगून राहिला. तुमची चूक न्हाई, मीटरची हाय!"

सत्यभामाबाईंनी आकडा पुन्हापुन्हा वाचला. डोळ्यांना पदर लावला. मला वाटले, आता मी उकिरड्यावर. पण त्यांनी टोपीवाचून सुकत गेलेली माझी काच निरखली.

"तहानलं व्हतं गं लेकरू. सांगंल तरी कसं?"

मला साठवणीच्या द्रावणात भिजत ठेवले, आकडे बरोबर करून घेतले. टाकीचे पाणी बदलले. बराचसा पालक गेलाच; काही रोपांना मात्र पांढरी मुळे फुटली. ती दाखवायला करुणाने हाक मारली, तशा सत्यभामाबाई भिंतीला धरत आपणहून आल्या.

मित्रांनो, आमची निगा राखा. आणि घरात कुणी स्वतःला दोष देत गप्प बसले असेल, तर त्याला एकटे सोडू नका. आधी आम्हाला तपासा. आम्हीही चुकतो.