दारापाशी संपलेला नकाशा

उज्वलाने मेथीच्या जुडीला लाल दोरा बांधला, तेव्हा तिचा थोरला भाऊ महेशदादा हसून बेजार झाला. "भाजीला बी राखी? काय पण कॉलेज तुमचं!"

हे २००८ सालचं. गंगापूर रोडवरच्या कॉलेजात 'डिझाइन थिंकिंग'चा, म्हणजे लोकांत फिरून त्यांची अडचण समजून घेऊन उपाय आखायचा, प्रकल्प होता. नाशिकभोवती एवढी भाजी पिकते, मग गरिबाच्या ताटात ती का नसते? एका जुडीच्या मागे जा, असं सरांनी सांगितलेलं. पोरं पंधरा दिवस पंचवटीच्या गल्ल्यांतून फिरली. बाजारात उरलेली भाजी झोपड्यांपर्यंत नेणारी हातगाडी त्यांनी आखली, आणि मळ्यापासून दारापर्यंतचा झकास नकाशा काढला.

"दारातून पुढे?" सरांनी विचारलं.

"घरात गेली म्हणजे पोचलीच ना, सर!" उज्वला म्हणाली.

तिच्या घरी मखमलाबादला जेवणाची रीत ठरलेली. आधी वडील भिमाजीनाना आणि दादा, मग आई गोजराबाई, मग कॉलेजातून दमून आलेली उज्वला. शुभांगीवहिनी सगळ्यांत शेवटी. तिला सातवा महिना होता, तरी पहाटेपासून मेथी उपटायला तीच.

"वहिनी, भाजी आहे अजून?"

"हाय ना, ताई." असं म्हणून वहिनी कढई खरवडून उज्वलाच्या ताटात वाढायची. उज्वला मिटक्या मारत जेवायची. कढईत पुढे काय राहिलं, हे तिने कधी वाकून पाहिलं नाही.

एका सकाळी वहिनी वाफ्यातच कोसळली. अंगात रक्तच नव्हतं. मूल पोटातच दगावलं.

"ही खाते काय घरी?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मेथी, पालक, शेपू," गोजराबाई म्हणाल्या. "घरचा मळा हाय आमचा."

"पिकतं काय ते नाही विचारलं. ही खाते काय?"

उज्वलाला ती खरवडलेली कढई आठवली आणि तिथेच भिंतीला डोकं टेकून ती रडली.

वहिनी घरी आली त्या दुपारी नाना जेवायला बसले. उज्वलाने त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि वहिनीच्या खाटेशी नेऊन ठेवलं.

"डोकं फिरलं का तुझं?" भिमाजीनाना गरजले.

"आधी वहिनी जेवेल, नाना. तोवर मी घास घेणार नाही, आणि कुणाला वाढणारही नाही."

"मीबी अशीच जेवत आले," गोजराबाई चिडून म्हणाल्या. "काय झालं मला?"

"तुझी किती लेकरं गेली, आई?"

गोजराबाईंनी हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. दोन गेली होती. घरात त्या लेकरांचं नावही कुणी काढत नसे.

वहिनीने घास मोडला, पण तो तोंडाकडे जाईना. तिची नजर चुलीकडे होती. "कढईत राहिलीय ना सगळ्यांना?"

गोजराबाई उठल्या, सुनेजवळ जाऊन बसल्या.

"नसली तरी जेव," त्या म्हणाल्या.